कुलगुरूंना खुले पत्र : विविधतेचा महोत्सव पुढे ढकला, आधी खिडकी उघडा

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : राज्याबाहेरून, देशाबाहेरून आणि राज्यातल्याच दुर्गम तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रवेशानंतरचे पहिले ४५ दिवस

सप्रेम नमस्कार.

आपल्या संकेतस्थळांवर समान संधी कक्ष, आंतरराष्ट्रीय केंद्र, विद्यार्थी विकास मंडळ, तक्रार निवारण समिती अशी नावे ओळीने दिसतात. नॅक या मूल्यांकन संस्थेसाठीच्या फायलीत त्यांच्या बैठकांची इतिवृत्ते असतात, फोटो असतात, फोटोंवर तारखा असतात. जानेवारी-फेब्रुवारीत सांस्कृतिक महोत्सव होतो. नागालँडचा मुलगा शाल पांघरून, सुदानचा मुलगा पांढरा झगा घालून आणि धडगावची मुलगी चांदीचे दागिने घालून व्यासपीठावर येतात. टाळ्या पडतात. बरेचदा त्याच आठवड्यात पहिल्याचा ‘ईशान उदय’ शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडताळणीविना बाद झालेला असतो. दुसऱ्याच्या निवास परवान्याची मुदत संपत आलेली असते आणि तिसरी शिष्यवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहत मैत्रिणीच्या डब्यातले अर्धे खात असते.

आम्ही विद्यापीठांत आणि संलग्न महाविद्यालयांत वसतिगृहे, शिष्यवृत्ती, पात्रता विभाग, परदेशी विद्यार्थी आणि विद्यार्थी विकास या कामांत असलेले काही शिक्षक, अधीक्षक आणि कर्मचारी आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की या मुलांचे बिनसते ते परीक्षेच्या हॉलमध्ये नव्हे. ते बिनसते जुलै ते सप्टेंबर या काळात, कागद, पैसा आणि खोली या तीन गोष्टींवरून. विविधतेसाठी जो काही निधी, माणसे आणि जागा आहेत त्या आधी तिथे लावा. महोत्सव नंतर करता येईल.

बहुसांस्कृतिक विद्यार्थी म्हटले की परदेशी चेहरा डोळ्यांसमोर येतो. ही पहिली गफलत. गडचिरोलीतल्या भामरागडहून पुण्याला आलेल्या माडिया आदिवासी मुलीला मराठी ही दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी. माडिया, गोंडी, कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत. मेळघाटातली कोरकू तर संथाळी-मुंडारीच्या गोतातली. आपण त्या मुलीला ‘आपल्याच राज्याची’ म्हणून कसलाही परिचय वर्ग देत नाही, आणि काठमांडूच्या मुलाला, ज्याला हिंदी कळते, त्याला आंतरराष्ट्रीय केंद्राचे फोल्डर, पेन आणि कॅम्पसची सहल देतो. यादी पासपोर्टावरून करू नका. घरची भाषा, शाळेचे माध्यम, घरापासूनचे अंतर आणि घरातले कोणी आधी पदवीपर्यंत गेले आहे का, हे चार प्रश्न प्रवेश अर्जात घाला. उत्तरे ऐच्छिक ठेवा आणि ती फक्त मदत कक्षालाच, म्हणजे शेवटी सांगितलेल्या प्रवेशद्वाराजवळच्या खिडकीलाच, दिसतील असे करा.

आता वेळापत्रक. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात असतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि ‘मूळ कागदपत्रांसह तीन दिवसांत हजर राहा’ असा संदेश नेमका तेव्हाच येतो. नेटवर्क नसल्यामुळे तोही उशिरा मिळतो. गुवाहाटीहून मुंबईला यायला रेल्वेने दोन दिवस लागतात आणि आयत्या वेळी आरक्षण मिळत नाही. यावर उपाय खर्चिक नाही. कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयाने दुसऱ्या महाविद्यालयासाठी मूळ कागद पाहून ‘पाहिले’ असा शेरा आणि शिक्का मारून स्कॅन पाठवावे, आणि ते ग्राह्य धरावे. अहेरीचे, धडगावचे, धारणीचे महाविद्यालय हे करू शकते. बँका एकमेकींचे धनादेश वटवतात, आपण एकमेकांचे शिक्केही मानत नाही. पूर, बंद किंवा संचारबंदी असलेल्या भागांसाठी सात दिवसांची वाढ आपोआप मिळावी, अर्ज मागू नये. अर्ज करायला जो माणूस पोहोचू शकतो त्याला वाढ लागत नाही.

कागदांत सर्वांत जास्त घोळ नावाचा आहे, आणि त्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही. आपले फॉर्म आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव या महाराष्ट्रीय साच्यात बसवलेले आहेत. तिबेटी विद्यार्थ्याला आडनावच नसते. मिझो नावातही आडनावाची पद्धत मुळात नाही. खासी मुलगी आईच्या कुळाचे नाव लावते, त्यामुळे वडिलांचे आणि तिचे आडनाव जुळत नाही. मणिपुरी मैतेई नावात कुळनाव बरेचदा आधी येते. तमिळ नावात आडनावाऐवजी नुसती आद्याक्षरे असतात. अफगाण पासपोर्टवर कधी एकच शब्द असतो. फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना लाल ताऱ्याचा, म्हणजे सक्तीचा. मग खिडकीवरचा माणूस वाट काढतो. तो तेच नाव दोनदा लिहितो, वडिलांचे नाव आडनाव म्हणून टाकतो किंवा नुसता टिंब देतो. त्या दिवशी काम होते. तीन वर्षांनी गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. शैक्षणिक क्रेडिट खाते जुळत नाही, शिष्यवृत्ती अडते, पदवी प्रमाणपत्र घेऊन परदेशी अर्ज करता येत नाही. दुरुस्ती मागितली की सांगतात, राजपत्रात नाव बदलून आणा. अहो, नाव त्याने बदललेलेच नाही, आपण बदलले!

यावर तीन गोष्टी करा. सक्तीचा रकाना एकच ठेवा : ‘दहावीच्या प्रमाणपत्रावर किंवा पासपोर्टवर आहे तसे पूर्ण नाव’. बाकी रकाने रिकामे सोडायची मुभा द्या. प्रवेशाच्या दिवशीच नावाची छापील प्रत विद्यार्थ्याला वाचायला देऊन सही घ्या; त्याला देवनागरी वाचता येत नसेल तर रोमन लिपीतलीही द्या. आणि चूक कार्यालयाची असेल तर पहिल्या सत्रात दुरुस्ती विनाशुल्क, विना प्रतिज्ञापत्र करून द्या.

पात्रता विभागाचेही, म्हणजे आधीच्या शिक्षणाचे कागद तपासून प्रवेश पक्का करणाऱ्या विभागाचेही, असेच. परराज्यातल्या मंडळातून आलेल्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागते, ते मूळच लागते, आणि ते मागवायला वेळ लागतो. तोवर तात्पुरती पात्रता मिळते. पुढे पाठपुरावा करायचा हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही, आणि पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवला गेल्यावर त्याला पहिल्यांदा कळते. मे २०२३ नंतर मणिपूरमधून आलेल्यांपैकी काहींची घरे गेली, कागद गेले. २०२१ नंतर अफगाण आणि २०२३ नंतर सुदानी विद्यार्थ्यांना मूळ विद्यापीठाकडून पडताळणी मिळवणे जवळजवळ अशक्य झाले. अशांसाठी डिजिलॉकरमधील प्रत, मंडळाच्या संकेतस्थळावरचा निकाल आणि विद्यार्थ्याचे हमीपत्र यांवर परीक्षेला बसू देण्याचा स्पष्ट लेखी नियम हवा. नुसती सहानुभूती नको. लेखी नियम नसेल तर सहायक कुलसचिव सही करत नाहीत, आणि त्यांचेही चुकत नाही; उद्या लेखापरीक्षणात त्यांनाच विचारतात.

आता पैशाकडे येतो.

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत स्वाधारची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये. भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर जेवणाला दिवसाला सुमारे १०७ रुपये आणि राहायला महिन्याला २,००० रुपये होतात. पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधणाऱ्या कोणालाही हा आकडा दाखवून पाहा. तरीही खरी अडचण रकमेपेक्षा तारखेची आहे. खोलीमालकाला डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचे भाडे पहिल्याच दिवशी हवे असते, मेसवाल्याला महिना आगाऊ हवा असतो, आणि हप्ता येतो अर्ज, छाननी, यादी आणि निधी या सगळ्यांतून गेल्यावर. मधले महिने मुलगा उधारीवर काढतो किंवा गावी परत जातो. गावी गेला की हजेरी ७५ टक्क्यांखाली येते आणि त्याच कारणाने हप्ता अडतो. हे चक्र योजनेच्या आखणीतच आहे. ते शासनाने सोडवायचे तेव्हा सोडवील; तोवर विद्यापीठाला करता येण्यासारखे एक काम आहे.

बिनव्याजी उचल द्या. प्रत्येकी १५,००० रुपये, २०० विद्यार्थ्यांना म्हटले तर ३० लाख रुपये. हा खर्च नाही, फिरता निधी आहे. शिष्यवृत्ती आली की तीन हप्त्यांत परत येतो, काही बुडेल हे धरून चाला. अशा योजना याआधी काही ठिकाणी सुरू झाल्या आणि बंद पडल्या. कारण ठरलेले : अर्जासोबत दोन जामीनदार, उत्पन्नाचा दाखला, विभागप्रमुखाची शिफारस आणि समितीची बैठक मागितली गेली. धानोऱ्याच्या मुलाला या शहरात जामीनदार कोण देणार? शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच आणि परतफेडीचे संमतीपत्र एवढ्यावर ४८ तासांत रक्कम मिळाली पाहिजे, नाहीतर ती उचल राहत नाही, आणखी एक शिष्यवृत्ती होऊन बसते.

दुसरी अडचण साठ-चाळीसची. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०, असे २०२०-२१ पासून आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली महाविद्यालयाची फी त्याने स्वतः भरायची असते. खात्यात पैसे दिसले की मुलाला वाटते, हे आपले. तो थकलेले भाडे देतो. मग महाविद्यालय हॉल तिकीट अडवते. इथे लबाडी कोणाचीच नसते. कोणती रक्कम कशाची हे पहिल्या आठवड्यात कुणी कागदावर लिहून दिलेले नसते. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या नावाचे अर्ध्या पानाचे कोष्टक द्या : फी किती, निर्वाह भत्ता किती, कोणता हप्ता आल्यावर काय भरायचे. आणि शिष्यवृत्तीच्या थकबाकीसाठी परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, गुणपत्रिका यांपैकी काहीही अडवायचे नाही, असे परिपत्रक काढून प्रत्येक संलग्न महाविद्यालयाच्या दर्शनी फलकावर लावायला लावा.

तिसरी अडचण खात्याची आहे, आणि ती अगदी बारीक आहे म्हणूनच सांगतो. अर्जात जो खाते क्रमांक लिहिला त्यात पैसे जातील असे मुले धरून चालतात. आधारशी जोडलेले थेट हस्तांतरण ज्या बँकेशी आधारची शेवटची जोडणी झाली तिथे जाते. मग सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात रक्कम पडते, आणि ते खाते आहे हे मुलाला ठाऊकही नसते. दुसरा प्रकार : गावात कमी कागदांवर उघडलेले ‘लहान खाते’. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपुढे जाऊ शकत नाही, वर्षभरात १ लाखापुढे जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाहीत. मोठी रक्कम आली की परत फिरते आणि पोर्टलवर ‘व्यवहार अयशस्वी’ दिसते. पुढे सहा महिने हेलपाटे. प्रवेशाच्या आठवड्यात एका बँकेचा माणूस दोन दिवस कॅम्पसवर बसवला, केवायसी पूर्ण करून घेतली आणि आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते प्रत्येकाच्या मोबाइलवर तपासून दाखवले, तर यातले बहुतेक उद्‌भवत नाही.

ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘ईशान उदय’ आहे. सर्वसाधारण पदवीला महिना ५,४०० रुपये, तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना ७,८००. जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या विद्यार्थ्यांसाठी पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजना आहे, तिचे काम तंत्रशिक्षण परिषदेकडून चालते. आपला शिष्यवृत्ती लिपिक राज्याच्या महाडीबीटी पोर्टलमध्ये पारंगत असतो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल त्याच्या रोजच्या कामातले नाही. संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याचे लॉगिन कधीकाळी एखाद्या प्राध्यापकाच्या मोबाइलवर काढलेले असते, ते प्राध्यापक निवृत्त होतात आणि ओटीपी त्यांच्या घरी वाजत राहतो. अर्जाची मुदत संपल्यावर संस्थेची पडताळणी राहिली म्हणून अर्ज बाद. मुलाची चूक शून्य. प्रत्येक पोर्टलसाठी दोन माणसे नेमा, लॉगिनची नोंदवही कुलसचिव कार्यालयात ठेवा, सप्टेंबरपासून दर शुक्रवारी प्रलंबित अर्जांचा आकडा फळ्यावर लिहा. फळ्यावर आकडाच असावा, नावे नकोत. याचे कारण पुढे येते.

जात वैधता आणि रहिवासाचे दाखले हा महसूल आणि तपासणी समित्यांचा विषय, तरी एक सांगायलाच हवे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पिढ्यान्‌पिढ्या पालावर राहिलेल्या कुटुंबाने १९६१ चा पत्ता कुठून आणायचा, हा प्रश्न त्या मुलीने आपल्या खिडकीवर उत्तरायचा नसतो. मदत कक्षात आठवड्यातून एक दिवस विधी विभागाचे विद्यार्थी आणि एक वकील बसवा. शाळेचा जुना दाखला, नातेवाइकाची वैधता, गृहचौकशी यांतून वाट कशी काढायची ते त्यांना ठाऊक असते.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन आकडे पाठ असले पाहिजेत : २४ तास आणि १४ दिवस. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की जागा देणाऱ्याने २४ तासांत ‘सी फॉर्म’ ऑनलाइन भरायचा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करायची. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना ही नोंदणी नाही. गडबड इथे होते, की वसतिगृहात जागा नसते, मुलगा खासगी फ्लॅटमध्ये जातो आणि घरमालकाला सी फॉर्म हा शब्दच नवा असतो. किंवा ठाऊक असतो, पण भाडे कागदावर दाखवायचे नसल्यामुळे तो नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करत नाही. करार नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, बँक खाते नाही. मुलगा कायदा मोडणारा ठरतो आणि दंड त्यालाच. पहिले ३० दिवस प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या अतिथिगृहात किंवा वसतिगृहात पैसे घेऊन का होईना जागा द्या, सी फॉर्म आपण भरा, नोंदणी त्या पत्त्यावर होऊ द्या. मग बाहेर पडताना पत्ताबदल सोपा असतो. कॅम्पसजवळच्या, करार नोंदवायला तयार असलेल्या घरमालकांची यादी आंतरराष्ट्रीय केंद्राने ठेवावी. ‘आफ्रिकन नको’, ‘नॉर्थ ईस्टचे नको’, ‘मुसलमान नको’, ‘नॉन-व्हेज नको’ असे एजंट सर्रास बोलतात. त्या यादीत येण्याची पहिली अट हीच ठेवा, की अशी निवड करणार नाही.

याच पुण्यात १९७१ साली डॉ. शां. ब. मुजुमदारांनी ‘सिम्बायोसिस’ सुरू केली ती आजारी परदेशी विद्यार्थ्याला डबा मिळावा, आधार मिळावा इतक्या साध्या गरजेतून. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून समाजासमाजाची वसतिगृहे उभारली, आणि साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांची मुले एका छताखाली, एका चुलीवर आणली. खोल्या वाटण्याच्या प्रश्नाची ही दोन उत्तरे आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहेत. आमचे मत असे : खोली सोडत पद्धतीने, मिसळूनच द्यावी; पण पहिल्या वर्षी त्याच मजल्यावर घरची भाषा बोलणारा निदान एक जण असावा. आजारी पडल्यावर माणूस आपल्या भाषेत कण्हतो. सगळे माडिया एका खोलीत, सगळे मणिपुरी दुसऱ्या विंगेत अशी सोय रेक्टरला सोपी जाते, तक्रारी कमी येतात. पण तीन वर्षांत कोणी कोणाला भेटत नाही.

मेसबद्दल थोडक्यात. भात दोन्ही वेळा आणि पुरेसा ठेवा. गडचिरोली, काश्मीर, ईशान्य सगळ्यांचे निम्मे दुखणे तिथेच आहे. शाकाहारी-मांसाहारी भांडी आणि वाढप वेगळे चालेल, बसायची टेबले वेगळी चालणार नाहीत. रमजानात सहरीसाठी रात्रीच डबा भरून द्या, त्यासाठी स्वयंपाकी पहाटे उठायची गरज नाही. गोमांसाबाबत कायदा काय आहे ते बाहेरून आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात शांतपणे सांगा : महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे; मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली आणि राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगण्याबद्दलचे कलम रद्द केले. हे अधिकृतपणे सांगितले नाही तर कोणीतरी जमाव घेऊन सांगायला येतो.

परीक्षांच्या तारखा ठरवताना परीक्षा विभागाच्या टेबलावर आणखी एक कॅलेंडर ठेवा. त्यात ६ डिसेंबर, १४ एप्रिल, एप्रिलच्या मध्यावरचा बिहू, २०-२१ मार्चचा नवरोज, तिबेटी नववर्षाचा लोसार, ईस्टर आणि छठ असावेत. ईद चंद्रदर्शनावर ठरते म्हणून दुसरा दिवसही मोकळा ठेवा. सगळ्या सुट्ट्या द्या असे आम्ही म्हणत नाही. त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा लावू नका, कारण तिला पुन्हा बसता येत नाही.

भाषा. विज्ञानाच्या पहिल्या वर्गात आश्रमशाळेतून आलेल्या मुलाला ‘त्वरण’ येते, ‘अ‍ॅक्सिलरेशन’ येत नाही. तो ढ नाही. प्रत्येक विषयाची दोनशे शब्दांची मराठी-इंग्रजी यादी पहिल्या दिवशी हातात द्या, आणि पहिल्या अंतर्गत चाचणीत उत्तर कोणत्याही एका भाषेत किंवा मिसळून लिहू द्या. वर्गात ‘आनी-पानी’वर हसणारा प्राध्यापक त्या मुलाला पुढची तीन वर्षे गप्प बसवतो. बाहेरून आलेल्यांसाठी तीस तासांचा मराठीचा वर्ग असावा, पण त्यात व्याकरण आणि अभंग नकोत : शहर बस, रिक्षा, दवाखाना, पोलीस चौकी, भाडेकरार, ‘डिपॉझिट परत द्या’. अभंगाकडे ज्याला जायचे तो पुढे आपणहून जाईल.

सोबतीची योजना करायची तर ‘कमवा व शिका’तून पैसे देऊन करा. एका वरिष्ठ विद्यार्थ्याकडे पाचपेक्षा जास्त नवे नकोत. सोबत्याचे काम बँकेत नेणे, फॉर्म भरणे, पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा भेटणे, एवढेच. मनाने खचलेल्या मुलाला सांभाळणे हे त्याचे काम नाही. तिथे समुपदेशक हवा, आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक भाषेत लावलेला हवा. विनामोबदला सोबती ऑक्टोबरपर्यंत टिकत नाहीत. त्यांनाही सबमिशन असते.

आणि तक्रारी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेविषयीचे विनियम काढले. त्यांत समान संधी कक्ष आहे, भेदभावविरोधी अधिकारी आहे आणि वर्गात विद्यार्थ्यांच्या जाती, जमाती, धर्म, प्रदेश यांचा पुकारा करणे हा भेदभाव आहे असे लिहिलेले आहे. तरी ‘एससी-एसटी शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा’ हे वाक्य आजही वर्गात ऐकू येते. आम्ही वर फळ्यावर नावे नकोत म्हटले ते यासाठी. मे २०१९ मध्ये मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली, जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला; त्याच वर्षी त्यांच्या आई आणि २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आई कॅम्पसवरच्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आयोगाच्या नव्या-जुन्या विनियमांचे न्यायालयात जे व्हायचे ते होवो, आपले अध्यादेश आपल्या हातात आहेत. त्यांत एवढे घाला : ज्या वसतिगृहाची तक्रार, तिथला रेक्टर चौकशीत नसावा. ज्या मार्गदर्शकाची तक्रार, त्याच्याकडून अंतर्गत गुण आणि संशोधनाचे अहवाल चौकशी संपेपर्यंत काढून घ्यावेत. विद्यार्थी गप्प राहतो तो गुणांसाठी. तक्रारीची पोच क्रमांकासह त्याच दिवशी मिळावी. चौकशी समितीत त्या समाजाचा किंवा प्रदेशाचा निदान एक सदस्य असावा. ‘चिंकी’, ‘हबशी’, ‘कोट्यातला’ या शब्दांची तक्रार ‘थट्टा होती’ म्हणून मिटवू नये. आणि ‘दोघांचे हात मिळवून प्रकरण मिटवले’ हा शेरा इतिवृत्तात चालणार नाही, असे स्पष्ट लिहा. आम्ही तो फार वेळा वाचला आहे.

शेवटी मोजणी. किती कार्यक्रम झाले, किती जण उपस्थित होते हे नॅकला द्या. आपल्या स्वतःच्या टेबलावर दर १५ दिवसांनी दुसरा कागद मागवा, एकाच पानाचा : किती जणांना अजून खोली नाही, किती अर्ज संस्थेच्या लॉगिनमध्ये पडून आहेत, किती जणांची रक्कम परत फिरली, किती परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी राहिली, किती जण सलग सात दिवस वर्गात आले नाहीत, किती तक्रारी ६० दिवसांपुढे गेल्या. सातवा रकाना ‘कोण सोडून गेले आणि का’ याचा. तो कोणी भरत नाही, कारण दाखला नेताना फॉर्मवर कारण ‘घरगुती अडचण’ असेच लिहायची पद्धत आहे. दाखला देण्याआधी दहा मिनिटे त्याच्याशी बोलून खरे कारण लिहून घ्यायला एक माणूस नेमा.

या सगळ्यासाठी नवी इमारत नको. मदत कक्ष म्हणून प्रवेशद्वाराजवळची एक खोली, तीन टेबले, एक स्कॅनर, मराठी-हिंदी-इंग्रजी येणारे दोन कंत्राटी नव्हे तर कायम कर्मचारी आणि पाळीपाळीने बसणारे सोबती पुरेत. १ जुलै ते १५ ऑगस्ट सकाळी साडेआठ ते रात्री आठ, रविवारीही. लांबच्या गाड्या रविवारीही येतात आणि मुले स्टेशनवरून सामानासकट थेट कॅम्पसवर येतात, म्हणून बॅगा ठेवायला जागा, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह त्या खोलीलगत असावे. जेवणाची सुट्टी असेल तर ती आळीपाळीने घ्यावी, खिडकी बंद करून नव्हे.

येत्या प्रवेशापूर्वी आपल्या व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत हा विषय घ्यावा ही विनंती. परिपत्रकांचे मसुदे आणि पंधरवड्याच्या कागदाचा नमुना आम्ही तयार ठेवला आहे; मागवल्यास त्याच दिवशी पाठवू.

कळावे,

आपले,
विद्यार्थी विकास, वसतिगृह, पात्रता आणि शिष्यवृत्तीच्या कामातले काही शिक्षक व कर्मचारी